आधी हॉटेल, मग कमान: एका सहल-पुस्तिकेच्या दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या गंगापूर रोड भागात ज्येष्ठ नागरिकांसाठी एका दिवसाच्या सहली काढणारा एक गट आहे. नोंदणीकृत संस्था नाही, नफाही नाही. चार-पाच संयोजक, एक खजिनदार आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप एवढाच पसारा. त्यांनी हिवाळ्यात ‘जुनी मुंबई’ अशी सहल ठरवली. चाळीस-चाळीस जणांच्या तीन तुकड्या. पंचवटी एक्स्प्रेसने जायचे आणि पंचवटीनेच परत यायचे, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही आणि गुडघे दुखणाऱ्यांना कसाऱ्याला गाडी बदलायला नको.

सहलीचा मुख्य भाग दोन वास्तूंचा होता, ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडिया. त्यासाठी सोळा पानी पुस्तिका छापली. ए-५ आकार, ९० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, एकरंगी छपाई, मधोमध दोन पिना, ५०० प्रती. नाव नोंदवताना प्रत्येकाला एक प्रत द्यायची आणि उरलेल्या पुढे शाळा-वाचनालयांना वाटायच्या, असा बेत. मजकूर एका संयोजकाने जमवला होता. काही वृत्तपत्री कात्रणे, काही फॉरवर्ड झालेले संदेश, काही ऐकीव. भाषा चांगली होती. मुद्रितशोधन एका निवृत्त शिक्षिकेने केले आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुका काढल्या. मजकूर खरा आहे का, हे बघायला मात्र कुणालाच सांगितले नव्हते.

अडचण कुठे निघाली

पहिल्या तुकडीच्या पूर्वसभेपर्यंत १२० प्रती वाटून झाल्या होत्या. सभेत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी पान पाच उघडले आणि शांतपणे विचारले, “अहो, जमशेटजी गेले १९०४ साली. मग १९११ च्या कमानीसमोर त्यांनी हॉटेल कसं बांधलं?”

पानावर वाक्य होते ते असे: १९११ साली राजाच्या स्वागतासाठी गेटवे बांधला गेला आणि त्यासमोर पाहुण्यांची सोय म्हणून जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल उभारले. दोन ओळींत तीन चुका. गेटवे १९११ साली बांधलेला नाही. हॉटेल त्याच्यानंतरचे नाही. आणि हॉटेल गेटवेसाठी बांधलेले नाही, कारण ते उभे राहिले तेव्हा गेटवेची कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती.

पान सहा त्याहून वाईट होते. तिथे ती प्रसिद्ध दंतकथा सत्य म्हणून छापली होती. एका परदेशी वास्तुविशारदाने नकाशे काढले, तो मायदेशी गेला, परत येऊन पाहतो तर हॉटेल उलटे बांधलेले, दर्शनी बाजू समुद्राकडे आणि दार शहराकडे. मग त्याने जीव दिला. पान अकरावर ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या चौकटीत आणखी एक कथा होती. वॉटसन हॉटेलात गोऱ्यांखेरीज प्रवेश नाही म्हणून जमशेटजींना दारातून परत पाठवले आणि त्या रागातून ताज जन्माला आले. तीही ठाम विधान म्हणून.

संयोजकांची पहिली प्रतिक्रिया समजण्यासारखी होती. छापून झाले आहे, लोकांना आवडले आहे, तोंडी सांगू. काकांचा मुद्दा मात्र साधा होता. आपण पांडवलेण्यांवर पाहुण्यांना नेतो तेव्हा सांगतो, की नाव पांडवांचे असले तरी ही बौद्ध लेणी आहेत आणि आतल्या शिलालेखांत गौतमी बलश्री आहे, उषवदात आहे, पांडव नाहीत. घरच्या लेण्यांना जो न्याय लावतो तो मुंबईच्या हॉटेलाला का नको? हा युक्तिवाद सभेत पटला. तपासणी करायची असे ठरले.

तपासणी कशी केली

आधी फक्त सनावळी मांडली. मजकूर बाजूला ठेवून, एका कागदावर उभी रेघ आणि तिच्यावर घटना. बाकी काही नाही. हा क्रम महत्त्वाचा ठरला, कारण अर्ध्याहून जास्त चुका इथेच गळून पडल्या.

रेघेवर आलेल्या खुणा अशा. १८७१, वॉटसन हॉटेल सुरू. १८७८ ते १८८८, व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे सीएसएमटी. १८९६, मुंबईत प्लेग. १६ डिसेंबर १९०३, ताजमहाल हॉटेल सुरू. १९ मे १९०४, जमशेटजींचे जर्मनीत निधन. २ डिसेंबर १९११, पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर, म्हणजे आपल्या पालवा बंदरावर उतरले. ३१ मार्च १९१३, गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते गेटवेची पायाभरणी. १९१४, जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर. १९१५ ते १९१९, समुद्रात भराव आणि धक्क्याची भिंत. १९२०, पाया पूर्ण. ४ डिसेंबर १९२४, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन. २८ फेब्रुवारी १९४८, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन या कमानीतून बाहेर पडली, ती भारत सोडणारी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी.

रेघ पुरी झाली तसे दिसले, की हॉटेल आणि कमान यांत २१ वर्षांना १२ दिवस कमी इतके अंतर आहे. राजा उतरला तेव्हा हॉटेल आठ वर्षांचे होते आणि त्याच्यासमोर दगडी कमान नव्हतीच. स्वागताला तात्पुरता मंडप होता, काही वर्णनांत पुठ्ठ्याची प्रतिकृती म्हणतात तो. राजाने गेटवेतून पाऊल टाकले असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात त्याने जिथे पाऊल टाकले तिथे मागाहून गेटवे आला.

१९११ ची चूक इतकी पसरलेली का आहे, याचे उत्तर कमानीवरच कोरलेले आहे. लेखात राजा-राणी उतरल्याची तारीख आहे आणि सन रोमन आकड्यांत, एमसीएमएक्सआय. वाचणारा आकडा वाचतो, वाक्य वाचत नाही, आणि बांधकामाचे साल म्हणून १९११ घेऊन घरी येतो. देवळातल्या फरशीवर देणगीदाराने घातलेले साल देवळाचे म्हणून सांगणारे लोक आपल्याकडेही आहेतच.

सनावळीनंतर मजकुरातले प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर लिहिले आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण केली: ‘नोंद’, ‘सांगतात’, ‘काढा’. एकाहून अधिक विश्वासार्ह ठिकाणी सारखेच मिळाले तर ‘नोंद’. जुनी आख्यायिका म्हणून चालत आलेली, पण समकालीन पुरावा नसलेली गोष्ट ‘सांगतात’. सनावळीशी सरळ भांडणारे विधान ‘काढा’. ४१ विधानांपैकी २७ ‘नोंद’ ठरली, सहा ‘सांगतात’, आठ ‘काढा’.

वॉटसनची गोष्ट ‘सांगतात’मध्ये गेली. ती खोटी ठरवण्याइतका पुरावा नाही, पण खरी म्हणून छापावी असा समकालीन दाखलाही नाही, आणि अभ्यासकांना तिची शंका आहे. प्लेगने शहराची पत घसरली होती, मुंबईवरचा विश्वास परत यावा म्हणून मोठे हॉटेल हवे होते, हे दुसरे कारणही सांगितले जाते. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली.

पान सहाचे काय करायचे

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उलट्या हॉटेलाच्या कथेवर, आणि खरे तर प्रकरणाचा गाभाही तोच.

ताजच्या बांधणीत मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने ते पुरे केले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे होते आणि मध्यभागचा अधांतरी जिनाही त्यांचाच. म्हणजे कथेतला ‘परदेशी माणूस नकाशे पाठवून निघून गेला’ हा पायाच निखळतो. नकाशे इथल्या माणसांचे होते आणि ती माणसे इथेच होती.

वैद्य त्याआधी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली साहाय्यक अभियंता होते. पुस्तिकेच्या सोळा पानांत त्यांचे नाव एकदाही नव्हते. चूक सालाची असती तर ती नुसती चूक म्हणून सोडता आली असती. इथे दंतकथेने एका मराठी अभियंत्याच्या जागी एक बिननावाचा साहेब आणून बसवला होता आणि आपण मराठीतून तेच पुन्हा छापत होतो. हे लक्षात आल्यावर ‘तोंडी सांगू’ हा पर्याय आपोआप मागे पडला.

उलटेपणाचे काय? हॉटेलाचे मूळ प्रवेशद्वार शहराच्या, पश्चिमेच्या बाजूला होते, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे. इमारतीचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा, मोकळी बाजू पश्चिमेला. याची दोन कारणे दिली जातात: शहरातून येणाऱ्या घोडागाड्यांना तिकडून यायला सोपे आणि दुपारचा पश्चिमेचा वारा आत शिरायला वाट. आजचे दार समुद्राच्या बाजूला आले ते नंतर. आजच्या दारातून पाहणाऱ्याला जुने दार उलटे वाटणार, यात बांधणाऱ्याची चूक कसली?

पर्याय

मजकूर तयार झाला, पण ५०० प्रती छापलेल्या होत्या. त्यांतल्या १२० लोकांच्या घरी, ३८० संयोजकांच्या माळ्यावर. पाच पर्याय पुढे आले.

शुद्धिपत्राची चिठ्ठी आत सरकवणे हा सगळ्यात स्वस्त पर्याय. पण सुटी चिठ्ठी पहिल्या वाचनातच गळते, पुस्तिका राहते. शाळेत गेलेली प्रत तर चिठ्ठीशिवायच दुसऱ्या हातात जाणार.

चुकीच्या परिच्छेदावर स्टिकर. एका प्रतीवर करून पाहिला. ९० जीएसएम कागदावर मोठा स्टिकर लावला की पान आखडते, आणि उजेडात धरले की खालचा मजकूर दिसतो. शिवाय स्टिकर दिसला की माणूस आधी त्याचा कोपरा उचकटून खाली काय आहे ते बघतो, हे तिथल्या तिथे दोघांनी करून दाखवले.

संपूर्ण पुनर्मुद्रण. स्वच्छ, पण खजिनदाराने वहीच मिटून ठेवली.

काहीच न करणे आणि तोंडी दुरुस्ती. हा पर्याय का गेला ते वर आलेच आहे.

पाचवा पर्याय छापखान्यातल्या डीटीपी करणाऱ्या ताईंनी सुचवला. सोळा पानी पुस्तिका म्हणजे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले. सगळ्यात बाहेरच्या कागदावर पाने १, २, १५, १६. दुसऱ्यावर ३, ४, १३, १४. तिसऱ्यावर ५, ६, ११, १२. मधल्यावर ७ ते १०. कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी छापलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी सतरा. चुका होत्या पाच, सहा आणि अकरावर. म्हणजे तिन्ही एकाच कागदावर! पिना काढा, तिसरा कागद बदला, पुन्हा पिना मारा. खर्च पूर्ण छपाईच्या साधारण तिसऱ्या हिश्शात.

हा निव्वळ योगायोग होता, हे मान्य केले पाहिजे. चूक पान सातवर असती तर दोन कागद बदलावे लागले असते आणि हिशेब पुनर्मुद्रणाजवळ गेला असता.

छापखान्यात काय झाले

४२० कागद छापायचे ठरले: ३८० प्रतींसाठी, वर चाळीस वाया जाण्यासाठी.

पहिली गडबड फॉन्टची. पुस्तिकेचा मूळ मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये होता. दुरुस्तीचा मजकूर काकांनी मोबाइलवर, युनिकोडमध्ये टंकून पाठवला. तो जुन्या फॉन्टमध्ये वळवताना रफार सरकले. पहिल्या प्रूफवर ‘मिर्झा’चे ‘मिझार्’ झाले होते, ‘वर्षे’चे ‘वषेर्’. ज्या माणसांची नावे परत आणण्यासाठी हा खटाटोप, त्यांतल्याच एकाचे नाव मोडून आले. बरे झाले की या वेळी प्रूफ दोघांनी वाचले, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून. हीच पद्धत आकड्यांसाठीही लावली. ‘एकोणीसशे चोवीस’ असे तोंडाने म्हटले की १९२४ आणि १९४२ यांची अदलाबदल लपत नाही.

बारावे पानही तपासले. त्यातला मजकूर बदलला नव्हता, पण ते त्याच कागदावर होते. अकराव्या पानावरची चौकट दोन ओळींनी वाढली होती, त्यामुळे बाराव्याची शेवटची ओळ खाली ढकलली जाऊन छपाईच्या हद्दीबाहेर गेली होती. न बदललेले पान कुणी वाचत नाही, म्हणून अशी ओळ हमखास निसटते.

दुसरी गडबड कटिंगची. मूळ पुस्तिका पिना मारल्यावर तीन बाजूंनी कापलेली होती, त्यामुळे प्रत्यक्ष आकार १४८ गुणिले २१० नसून १४५ गुणिले २०५ मिलिमीटर होता. पहिल्या दहा प्रतींत नवा कागद पूर्ण ए-४ आकारात घातला, तर तो कडेला साडेतीन आणि खाली पाच मिलिमीटर बाहेर डोकावू लागला. पुन्हा तिन्ही बाजू कापायच्या तर कडेचे पान-क्रमांक उडणार. मग कागद आधीच मापाने कापून घेतले. उघडा कागद २९० गुणिले २०५, त्यातही रुंदीत अर्धा मिलिमीटर कमी, कारण आतला कागद दुमडीमुळे किंचित पुढे येतो.

तिसरी गोष्ट पिना. ३८० प्रतींच्या ७६० पिना हाताने काढायच्या. टोकदार वस्तूने उचकटल्या की भोक फाटते. बोथट, सपाट पातीने आधी आतल्या बाजूचे दोन्ही पाय उभे करायचे आणि मग पाठीमागून पिन सरळ ओढायची, असे केले तर कागद टिकतो. तरीही १४ प्रती फाटल्या. नव्या पिना जुन्या भोकांतच बसवायचा प्रयत्न सोडून दिला आणि पाच मिलिमीटर आत मारल्या. जुनी भोके दिसतात, पण पुस्तिका घट्ट राहते. तिघांना दोन संध्याकाळ लागल्या.

वाटून झालेल्या १२० प्रतींसाठी ग्रुपवर निरोप टाकला: जुनी प्रत आणा, नवी घ्या. ८६ परत आल्या. इथे हिशेब चुकला. परत आलेल्या प्रतीही दुरुस्त करता येतील हे ४२० चा आकडा ठरवताना कुणाच्या लक्षात आले नव्हते. चाचणी आणि नासधूस वजा जाता सुटे कागद पंचवीस-तीसच उरले. तेवढ्या प्रती झाल्या, बाकीच्या रद्दीत गेल्या.

रस्त्यावर केलेला बदल

मजकूर सुधारल्यावर फिरण्याचा क्रम जुनाच ठेवणे विचित्र झाले असते. मूळ बेत असा: स्टेशनवरून टॅक्सीने थेट गेटवे, फोटो, मग हॉटेल बाहेरून, मग वेळ उरला तर बाकी. म्हणजे पायांनी चालतानाही आधी कमान, मग हॉटेल. पुस्तिकेत काहीही लिहा, डोक्यात तोच क्रम बसणार.

नवा क्रम स्टेशनपासून सुरू केला. पंचवटीतून उतरल्यावर सीएसएमटीच्या समोरच्या फुटपाथवर दहा मिनिटे, आणि तिथेच वैद्यांचे नाव पहिल्यांदा घ्यायचे. मग हुतात्मा चौकावरून काळा घोडा. तिथे जुने वॉटसन, आजचे एस्प्लनेड मॅन्शन, लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून आणून इथे जोडलेली इमारत. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. आज तिची अवस्था बघवत नाही, पण ‘सांगतात’ची कथा सांगायला हीच जागा योग्य. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट. इथे त्यांची ओळख झाली की गेटवेशी आल्यावर वेगळी करून द्यावी लागत नाही. मग रीगल सिनेमावरून पालवा बंदर. सगळे मिळून अडीच किलोमीटरच्या आसपास, बसत-उठत तीन तास. ज्यांना चालवत नाही त्यांना काळ्या घोड्यापासून टॅक्सी.

बंदरावर पोचल्यावर आधी हॉटेलकडे तोंड, गेटवेकडे पाठ. बोलणे सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरण्याआधीच उरकायचे. आत गेल्यावर फोटोवाले, एलिफंटाच्या बोटींचे पुकारे आणि कबुतरे, चाळीस माणसांना काही ऐकू येत नाही. मग वळून कमान: २६ मीटर उंच, मधला घुमट १५ मीटर व्यासाचा, पिवळसर खरोडी बेसाल्ट आणि सलोह काँक्रीट, जाळ्या ग्वाल्हेरच्या. खर्च सुमारे २१ लाख रुपये. कमानीखाली उभे राहून शहराकडे पाहायला सांगितले की प्रत्येक तुकडीत कुणीतरी स्वतःच म्हणते, “समोर रस्ताच नाही की!” खरेच नाही. कमानीकडे येणारा सरळ राजमार्ग योजलेला होता, पैसे संपले आणि तो झालाच नाही. त्यामुळे रस्ता आजही तिरका येतो. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी आला.

सालांसाठी एक साधे साधन केले. छापखान्यातल्या उरलेल्या जाड कागदाची पट्टी, एका वर्षाला एक सेंटिमीटर. १८८८ पासून १९२४ पर्यंत ३६ सेंटिमीटर. तीत हॉटेल आणि कमान यांच्यामधली जागा २१ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक वीत. आजी-आजोबा पट्टीवर हाताची वीत टेकवून बघतात आणि पुन्हा साल विचारत नाहीत.

निष्पत्ती

तिन्ही तुकड्या झाल्या. दुरुस्त केलेल्यांपैकी दीडशे प्रती चार शाळांत आणि दोन वाचनालयांत गेल्या.

पहिल्या तुकडीत एक गोष्ट फसली. दुरुस्तीच्या उत्साहात उलट्या हॉटेलाची कथा पुस्तिकेतून आणि तोंडी माहितीतूनही पूर्ण काढून टाकली होती. हॉटेलसमोर माहिती संपताच पाच-सहा जणांनी विचारले, “ते जीव दिल्याचं राहिलंच की!” वर परतीच्या टॅक्सीत एका चालकाने ती अख्खी रंगवून सांगितली. गाडीत बसेपर्यंत वैद्य विसरले गेले, साहेब लक्षात राहिला. दुसऱ्या तुकडीपासून संयोजकांनीच ती कथा आधी सांगायला सुरुवात केली, पूर्ण, चवीने, आणि मग विचारायचे: नकाशे कुणाचे होते, ते आज सकाळी कुठल्या स्टेशनवर ऐकले? तिसऱ्या तुकडीत उत्तर एका सुरात आले.

पट्टी सगळ्यांना आवडली असे नाही. काही जणांना एवढी सनावळी शाळेसारखी वाटली, आणि ते चुकीचेही नाही. अडीच किलोमीटरात अकरा साले ही जरा जास्तच होती. तिसऱ्या तुकडीला पाचच ठेवली: १८८८, १९०३, १९११, १९२४, १९४८.

वेगळे काय करता आले असते

मुद्रितशोधन आणि तथ्य-तपासणी ही दोन कामे आहेत, ती दोन माणसांना द्यायला हवी होती. सनावळीची रेघ काढायला एक दुपार पुरते. ती छपाईआधी काढली असती तर पिनांच्या दोन संध्याकाळ वाचल्या असत्या. पहिल्याच फेरीत ५०० प्रती छापण्याचीही गरज नव्हती. १२० जणांसाठी १५० पुरल्या असत्या. ऑफसेटवर जास्त प्रती काढल्या की प्रत स्वस्त पडते हे खरे, पण रद्दीत गेलेल्या प्रतींचा दर त्यात कुणी धरत नाही.

मुखपृष्ठाचा प्रश्न या आवृत्तीत तसाच राहिला. त्यावर हॉटेलाच्या घुमटाचे रेखाचित्र आहे. इमारतीच्या या प्रतिमेची २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झालेली आहे, हे छपाईनंतर कळले. पुस्तिका फुकट वाटायची असल्याने आणि बाहेरचा कागद बदलणे परवडत नसल्याने तेवढे सोडले. पण कधी किंमत लावून विकायची झाली तर आधी परवानगी किंवा दुसरे चित्र, असे वहीत लिहून ठेवले आहे. पुढच्या आवृत्तीसाठी सीएसएमटी ते पालवा बंदर असा हाताने काढलेला नकाशा तयार आहे. त्यात स्टेशनशेजारी कंसात वैद्यांचे नाव आहे, आणि रफार जागेवर आहे की नाही हे बघायला मिर्झांचेही.